कितीला पडतं?

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मीटरची खोली आहे. खोली म्हणायचं इतकंच, कपाटाला दार लावावं तसा प्रकार. आत बारा बिऱ्हाडांचे बारा मीटर, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांचा तेरावा, आणि मार्च २०२५ पासून चौदावा. तो माझ्या गाडीचा. त्याच्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, कुणी सांगितलेलं नसताना, वळणदार अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे : "हा मीटर खासगी आहे. सोसायटीच्या विजेशी त्याचा संबंध नाही. खात्री करून घेतलेली आहे."

खात्री त्यांनीच करून घेतली होती. एका रात्री अकराला गाडी चार्जिंगला लावून मी वर गेले आणि डबा गाडीतच राहिला म्हणून परत खाली आले, तर काका टॉर्च घेऊन तेराव्या मीटरसमोर उभे. मीटरवरचा बारीक लाल दिवा वीज जास्त खेचली की भराभर लुकलुकतो. "तुमची गाडी लागली की हा जोर धरतो का, तेवढं बघत होतो," ते प्रांजळपणे म्हणाले. त्याने जोर धरला नव्हता. मग ते गाडीकडे वळले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तो प्रश्न विचारला. कितीला पडतं?

इलेक्ट्रिक गाडी घेऊन मला सव्वा वर्ष झालं. ती कशी चालते, हे एवढ्या दिवसांत फार तर तिघांनी विचारलं असेल. कितीला पडतं, हे दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. दंतवैद्याने तर माझं तोंड उघडं असताना विचारलं. आणि माझी पंचाईत अशी की मी भोसरीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कॉस्टिंग बघते. एखादा ब्रॅकेट कितीला पडतो हे सांगणं हेच माझं पोट भरण्याचं साधन. त्यामुळे या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं माझ्याच्याने होत नाही. समोरचा माणूस आकड्याची वाट बघतो आणि मी म्हणते, "कशासाठी विचारताय त्यावर आहे." मग तो विषय बदलतो.

गाडी २०२४ च्या जुलैमध्ये आली. लहानशीच, २४ युनिटांची बॅटरी. कर्वेनगर ते भोसरी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, महिन्याला नऊशेच्या आसपास. इलेक्ट्रिशियनने घरच्या मीटरवरून एक केबल भिंतीला क्लिपा मारून पार्किंगमध्ये आणली, पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवला, "ताई, सध्या तात्पुरतं करून देतो" म्हणाला आणि गेला. आमच्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य दांडगं असतं. तो सॉकेट आठ महिने चालला.

गाडी येण्याआधी आमचं घर महिन्याला १८० युनिटं वापरायचं आणि बिल १,९०० च्या आसपास यायचं. गाडीची १४० युनिटं मिळवून ३२० झाली आणि बिल ३,८५० च्या वर गेलं. काकांना बिल बघायचं होतं, मी दाखवलं. त्यांनी खिशातून पेन काढून बिलाच्या पाठीवर भागाकार केला. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, बारा रुपये. "झालं. बारा रुपये युनिट."

"बारा नाही, चौदा."

"अहो, चौथीतलं पोर सांगेल."

इथे महावितरणच्या बिलाबद्दल थोडं सांगायला हवं. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. त्या वर्षी वहन आकार, म्हणजे वीज तारांमधून आणून देण्याचे पैसे, धरून पहिली शंभर युनिटं सहा रुपयांच्या आत होती, शंभर ते तीनशे साडेअकराच्या आसपास, तीनशेच्या पुढे पावणेसोळाच्या घरात, पाचशेच्या पुढे आणखी वर. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आता आमच्या घरात फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन आणि गीझर यांनी पहिली शंभर स्वस्त युनिटं आधीच संपवलेली असतात. गाडी पंगतीला शेवटी येऊन बसते, त्यामुळे तिच्या पानात सगळं महागाचंच पडतं. तिने आणलेली वाढ साडेएकोणीसशे रुपयांची, युनिटं १४०. चौदा रुपये.

काकांनी ऐकून घेतलं. मग असा प्रश्न विचारला की तो आमच्या कॉस्ट ऑडिटरनेही मला कधी विचारलेला नाही. "गाडी शेवटी आली हे कुणी ठरवलं? मी म्हणतो गाडी आधी जेवली आणि गीझर शेवटी आला. मग गीझर महागात पडतो आणि गाडी स्वस्तात."

बरोबर आहे. विजेवर नाव लिहिलेलं नसतं. कारखान्यात आम्ही वर्षानुवर्षं याच गोष्टीवर भांडतो. नवीन ऑर्डर आली की विक्रीवाले म्हणतात, शेडचं भाडं, वॉचमनचा पगार हे तर आधीपासूनच चाललंय, ते यात कशाला धरता? आणि मी म्हणते, उद्या सगळ्याच ऑर्डरी असं म्हणायला लागल्या तर वॉचमनचा पगार तुम्ही देणार का? काकांना मी माझ्या परीने उत्तर दिलं. गीझर बंद करायचा की नाही हा प्रश्नच घरात नाही. गाडी घ्यायची की नाही, हा होता. ज्याच्यामुळे निर्णय घ्यावा लागला, वाढीव खर्च त्याच्या माथी. ते "हं" म्हणाले. पटलं म्हणून नव्हे, बातम्यांची वेळ झाली म्हणून.

पावसाळा आणि दिवाळी बरी गेली. फेब्रुवारीत एका संध्याकाळी गाडी सॉकेटला लावली तर चार्जरच्या डब्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा. केबल बदलून पाहिली, सॉकेट बदलला, लाल तो लालच. इलेक्ट्रिशियनने एका वायरला दिवा लावून तपासलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी पायरीवर बसले. आमच्या इमारतीला धड अर्थिंगच नाही. जी काही पट्टी जमिनीत गेली होती ती गंजून अर्धी उरली होती. पावसाळ्यात जमीन ओली असते, त्यामुळे तिच्यातून वीज वाहून जायला वाट मिळत होती आणि चार्जर समजून घेत होता. माती सुकली तसा तिचा रोध वाढला, आणि अर्थिंग सापडेना म्हणून चार्जरने काम थांबवलं. तीस वर्षं बारा कुटुंबं या इमारतीत मिक्सर-गीझर वापरतायत आणि कुणाला पत्ता नाही. तो पत्ता माझ्या गाडीने लावला.

खड्डा खणायचा तर सोसायटीची परवानगी हवी, परवानगीला मीटिंग हवी, मीटिंगला कोरम हवा. हे सगळं जुळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत मी नेहमीचं चार्जिंग बाहेर करायला शिकले.

आधी ॲप. मग दुसरं ॲप, कारण पहिल्या ॲपवर हिरवी दिसणारी गन, म्हणजे चार्जरची गाडीत खोचायची पकड, प्रत्यक्षात मेलेली होती. मग तिसरं. प्रत्येकाच्या पाकिटात आधी शंभर, दोनशे, कुठे पाचशे रुपये भरून ठेवायचे. आज माझे नऊशे चाळीस रुपये चार ॲपांमध्ये वाटून पडले आहेत. कॉस्टिंगच्या भाषेत याला अडकलेलं खेळतं भांडवल म्हणतात, आणि आमच्या मालकांना त्या शब्दानेच ॲसिडिटी होते. एका ठिकाणी चार्जर मॉलच्या तळघरात, म्हणजे पार्किंगचे पैसे वेगळे. एका ठिकाणी पेट्रोलची गाडी चार्जरसमोर लावून माणूस जेवायला गेलेला.

शेवटी चांदणी चौकाच्या अलीकडे हायवेलगतचा एक डीसी, म्हणजे जलद, चार्जर मला लागू पडला. दर १९ रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२ रुपये ४२ पैसे. वीस टक्क्यांवरून ऐंशीवर जायला पाऊण तास. दिवसा रांग, म्हणून मी रात्री साडेदहानंतर जायला लागले. तिथे तो भेटला.

तो म्हणजे एक कॅबवाला, पस्तिशीचा, करमाळ्याकडचा. सीट मागे टाकून, पाय डॅशबोर्डला लावून पडलेला. माझी गाडी नव्वदच्या पुढे गेली तसा तो उठून आला. "ताई, एक सांगू का? ऐंशीला काढत जा. म्होरं ती वीज खात न्हाई, मिनटं खाती."

मी बघितलं, तर खरंच. ऐंशीपर्यंत वीस-पंचवीसच्या वेगाने धावणारा किलोवॉटचा आकडा नव्वदच्या पुढे रांगत होता. भरत आलेल्या बॅटरीत वीज जोराने ढकलता येत नाही, बॅटरी स्वतःच हात आखडता घेते. हे मी वाचलं होतं. पण 'मिनटं खाती' या दोन शब्दांत ते जसं बसलं तसं वाचून बसलं नव्हतं.

पुढच्या वेळी पुन्हा भेटला, त्याच्या पुढच्याही. मी माझा नेहमीचा उद्योग सुरू केला, कितीला पडतं म्हणून. तो हसला. "आमी युनिट मोजत न्हाई ताई. आमी तास मोजतो. हितं पाऊण तास उभा ऱ्हायलो म्हंजे येक भाडं गेलं. पण घरी लावली आन् सात तास लागलं तरी चाललं, कारन तवा मी बी झोपल्यालोच आसतो." मग थोडं थांबून, "घरी लावायला घर पायजे. पार्किंगवालं."

तो वारज्यात भाड्याच्या खोलीत राहतो, साडेआठ हजार भाडं. गाडी रस्त्यावर. दिवसाला दोनशे किलोमीटर, म्हणजे अठ्ठावीस युनिटं, महिन्याचे पंचवीस दिवस. मी घरी जाऊन मांडलं. सगळं चार्जिंग त्या दराने बाहेर केलं तर महिन्याला १५,७०० रुपये. तीच वीज माझ्यासारखा वेगळा मीटर असलेल्याला, वाटेतली गळती धरूनसुद्धा, ६,८०० च्या आसपास पडते. फरक पावणेनऊ हजारांच्या वर. म्हणजे त्याच्या खोलीचं भाडं. पार्किंग नसलेल्या खोलीचं भाडं तो दर महिन्याला दोनदा भरतो, एकदा खोलीवाल्याला आणि एकदा चार्जरवाल्याला.

चार्जरवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, आणि मी त्या दिल्याही आहेत. पण पंधरा वर्षं मशीन-अवर-रेट, म्हणजे मशीनचा एक तास कितीला पडतो ते, काढल्यावर माणूस कुठल्याही मशीनकडे बघून पहिला प्रश्न विचारतो की हे दिवसातून चालतं किती? साठ किलोवॉटचा चार्जर म्हणजे मोठं वीजजोड, लाखांत किंमत, जागेचं भाडं, आणि विजेचा मागणी आकार, जो गाडी येवो न येवो भरायचाच. समजा या सगळ्याचा महिन्याचा स्थिर खर्च ६०,००० रुपये आहे. दिवसाला १०० युनिटं विकली गेली तर युनिटमागे वीस रुपये नुसते उभं राहण्याचे, विजेचे वेगळे. दिवसाला ५०० विकली तर तेच चार रुपये. आमच्याकडे एक दोनशे टनी प्रेस आहे, परदेशी ऑर्डरसाठी घेतलेला. ऑर्डर गेली. त्यावर आता महिन्यातून चार दिवस काम होतं, आणि त्या चार दिवसांत निघणारा प्रत्येक वॉशर कागदावर सोन्याचा असतो. हायवेवरचा चार्जर बघितला की मला तो प्रेस आठवतो.

आणखी एक गंमत आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे. वीज विकायला परवाना लागतो, सेवेला लागत नाही. त्यामुळे कुणालाही चार्जिंग स्टेशन काढता आलं. पण विजेवर जीएसटी नाही, सेवेवर आहे. ज्या दाराने परवान्याची अट बाहेर गेली त्याच दाराने १८ टक्के आत आले. त्या कॅबवाल्याने कायदा वाचलेला नाही, पण तो म्हणतो तेच कायदाही म्हणतो. तिथे तो वीज घेत नाही, पाऊण तासात मोकळं होण्याची सोय विकत घेतो. बिचाऱ्याला नेमकी तीच सोय नको आहे. त्याला सात तास झोपायचं आहे.

तीन आठवड्यांत मी सहा वेळा बाहेर चार्ज केलं, सुमारे ९० युनिटं, दोन हजार रुपये. शिवाय माझे पाच तास. पगाराला कामाच्या तासांनी भागून मी त्या पाच तासांची किंमत काढली, आणि नवऱ्याने "मग टीव्हीसमोर बसतेस त्याचं बिल कुणाला लावायचं?" असं विचारल्यावर तो कागद फाडून टाकला.

अखेर मीटिंग झाली. खड्डा खणायला परवानगी मिळाली, अटींसह. केबल फरशीखालून पाइपातूनच न्यावी, फरशी पूर्ववत करून द्यावी, सर्व खर्च संबंधित सभासदाने करावा. इमारतीच्या मागच्या बाजूला खड्डा झाला, तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर पाणी. विहिरीची पूजा करावी तसे सगळे गोलाने उभे होते. एका आजींनी खरंच हळदीकुंकू आणलं. गाडीसाठी वेगळा मीटर मागवला, कारण विजेवरच्या वाहनांसाठी दराचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यात ती टप्प्यांची चढण नाही. गाडी पंगतीत शेवटी बसत नाही, तिचं पान वेगळं. केबल, एमसीबी, खड्डा, अनामत, फरशी मिळून २८,००० रुपये.

त्या खड्ड्याचा लाभ बाराही घरांना झाला, त्यांचे गीझर आता सुरक्षित आहेत. तेव्हा खड्ड्याचा खर्च बारांत वाटावा, असं मी सेक्रेटरींना लेखी कळवलं. ओव्हरहेडची, म्हणजे सामायिक खर्चाची, वाटणी हा माझा प्रांत असल्याने पत्र नीट मुद्देसूद होतं. ते म्हणाले, "बघू." पुण्यात 'बघू' हे नकाराचं सभ्य नाव आहे.

आता घरचं युनिट कितीला पडतं? बिलाप्रमाणे, स्थिर आकार वगैरे धरून, साडेआठ. काका साडेआठ म्हणूनच सांगत फिरतात. पण २८,००० रुपये आठ वर्षांत वाटले तर युनिटमागे दोन रुपये आठ पैसे. ते पैसे मुदत ठेवीत असते तर सात टक्क्यांनी वर्षाला १,९६० रुपये व्याज आलं असतं, ते युनिटमागे सव्वा रुपयाला थोडं कमी. झाले पावणेबारा. आणि मीटरवर १४० युनिटं दिसतात तेव्हा बॅटरीत १२२ च पोचलेली असतात. भिंतीतली एसी वीज गाडीतला चार्जर डीसी करतो, त्यात उष्णता होऊन बाकीची जातात. रात्री गाडीच्या बॉनेटवर मांजर झोपतं ते उगाच नाही. हायवेवरच्या डीसी चार्जरवर मात्र गनमधून बाहेर पडलेली युनिटं मोजली जातात, गळती त्याच्या अंगावर. म्हणून बॅटरीत पडलेलं युनिट धरलं तर माझं घरचं साडेतेरा-चौदाला पडतं, आधीच्या सॉकेटवरचं सोळाला पडत होतं, आणि बाहेरचं साडेबावीसला. पोस्टरवर दाखवतात तशी दुप्पट-तिप्पट तफावत यात दिसत नाही.

आणि हे सगळं उकरल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी. जुनी पेट्रोलची गाडी शहरात लिटरला पंधरा द्यायची. शंभराच्या वरच्या पेट्रोलने किलोमीटरला सात रुपये पडायचे. आता घरी चार्ज केली तर विजेचे दोन, बाहेर केली तर तीन. म्हणजे मी ज्या फरकावर दोन वह्या भरवल्या तो किलोमीटरला एक रुपयाचा आहे. सात सोडून तीनवर आलेला माणूस तीन सोडून दोनवर यायला रात्रीची झोप देतो, याला काय म्हणायचं ते कर्वेनगरात सगळ्यांना माहीत आहे.

याच हिशेबीपणाची एक फजिती सांगते. जानेवारीत, लाल दिवा लागायच्या आधी, भाचीच्या लग्नाला दादरला गेलो होतो. खंडाळ्याचा घाट उतरताना आकडा ६१ टक्के होता, खोपोलीच्या पातळीला आलो तेव्हा ६२. उतारावर मोटरच जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते, हे माहीत असूनही गाडीत आम्ही टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे फुकटच की." खोपोलीत हे शंभरहून जास्त वर्षं चाललेलं आहे. लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांचं पाणी नळांतून याच कड्यावरून खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीजघर सुरू केलं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी घाटमाथ्यावर पावसाने नेऊन ठेवलेलं होतं. आम्हाला घाटमाथ्यावर माझ्या सॉकेटने नेऊन ठेवलं होतं, चौदा रुपये युनिटने. परतीच्या वाटेवर तोच घाट अठरा टक्के खाऊन गेला. मग फूड मॉलला थांबलो असतो तर परवडलं असतं का, यावर मी लोणावळ्यापर्यंत बोलत होते. फूड मॉलला जाताना थांबलोच होतो. तिथे अकरा युनिटांना अडीचशे रुपये झाले आणि ती भरेपर्यंत तिघांनी खाल्लेल्याचे सव्वाचारशे. टोलचे जाऊन-येऊन ६४० भरताना मात्र मी एकदाही तोंड उघडलं नाही. नवऱ्याने तेही नोंदवून ठेवलं आहे.

रात्रीचं गणितही आता तितकं सरळ राहिलेलं नाही. पूर्वी स्वस्त वीज म्हटली की रात्रीची. जुलै २०२५ पासून नवे टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वीज मोजणारे मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५, युनिटमागे ८० पैशांपासून. सौरऊर्जा दुपारी भरपूर असते, ती तेव्हाच वापरा, असा त्याचा अर्थ. तर्क बिनतोड आहे. फक्त दुपारी ऊन माझ्या पार्किंगवर असतं आणि गाडी भोसरीत. कंपनीत चार्जर बसवायचं विचारलं होतं. तिथेही 'बघू' झालं, पण इंग्रजीत.

हिशेब करता करता एक आकडा वेगळाच डोळ्यांत भरला. मला आठवड्याला तेहेतीस युनिटं लागतात. पंधरा अँपिअरवर ती दोन रात्रींत होतात. म्हणजे आठवड्याच्या सात रात्रींपैकी पाच रात्री माझी केबल नुसती लोंबकळत असते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणून मी बुधवारी लावते, आणि एकदा शनिवारी. बाकी बेकार. दोनशे टनी प्रेसवरून मी वर्षानुवर्षं प्रॉडक्शन मॅनेजरला टोमणे मारते आणि माझ्याच पार्किंगमध्ये एक प्रेस झोपलेला.

त्या कॅबवाल्याचा नंबर माझ्याकडे होता. वारजे ते कर्वेनगर, चार सिग्नल. मी कागद मांडला. पाच रात्री त्याने इथे लावली, मीटरवरच्या युनिटला बारा रुपये दिले, तर बॅटरीत पडणारं युनिट त्याला चौदाच्या आत पडतं. रात्रीचे त्याचे अडीचशेच्या आसपास वाचतात. माझ्या खर्चाची वाटणी पाच-सहापट युनिटांवर होऊन माझंही युनिट स्वस्त होतं. मी फोन केला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, मला जमंल. सकाळी सातला येऊन काढीन. पर तुमच्या सोसायटीला जमंल का?"

प्रश्न बरोबर जागी लागला. माझ्या पार्किंगला लागूनच काकांची स्कूटर. बाहेरची गाडी रात्रभर आत, अनोळखी माणूस सकाळी सातला गेटवर, वर चौदाव्या मीटरवर बाहेरच्यांचं चार्जिंग. सेक्रेटरींना विचारलं, तर त्यांनी या खेपेला 'बघू' म्हटलं नाही. "लेखी द्या," म्हणाले. ही प्रगतीच. मी दिलं, आकडेवारीसह, दीड पान.

काल वार्षिक सभेची नोटीस जिन्यात लागली आहे. माझा विषय नववा आहे, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' याच्या लगेच आधी. आठवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे, आणि तो गेली चार वर्षं सभा संपेपर्यंत चालतो. आज सकाळी कचरा टाकायला खाली गेले तर काका नोटिशीसमोर पेन घेऊन उभे होते. माझ्या विषयापुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : "युनिटमागे १२ कसे? १४ हवेत. खुलासा व्हावा."